नानांचे कान

"सांगत नाही म्हणे ती कानाची डॉक्टरीण!" जिना चढून आलेल्या थोरल्याने बूट काढायच्या आधीच जाहीर केलं. "मी सख्खा मुलगा, आणि मला म्हणते, 'पेशंटलाच विचारा.' अहो बाई, पेशंटला ऐकू येत असतं तर तुमच्याकडे आणला असता कशाला?"

घड्याळांच्या दुकानावरच्या खोलीत रविवारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. टेबलावर उष्ट्या ताटल्या तशाच होत्या. ताई खुर्ची मागे सरकवून बसली होती. ती एका शाळेची मुख्याध्यापिका. घरातही ती कोणाशी बोलायला लागली की समोरच्याला आपोआप ताठ बसावंसं वाटे. धाकटा बेकरीतून तसाच आला होता, भुवयांना पीठ लागलेलं. थोरली सून एका दमात तीन माणसांशी बोलत होती. आणि टेबलाच्या टोकाला, ज्यांच्या कानांवरून एवढं रामायण चाललं होतं ते नाना, साल तुटू न देता सफरचंद सोलत होते.

दुकान विकायचं की ठेवायचं, यावरून तिन्ही मुलांचं ते मोठं भांडण झालं, त्याच दिवशी नानांचे कान गेले. त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्यासमोर कोणीही काहीही बोलत असे. भिंतीला कान असतात म्हणतात, या घरात भिंतीपेक्षा नाना सुरक्षित होते.

"जुने डॉक्टर असते तर चहा पिता पिता सगळं सांगून टाकलं असतं," ताई म्हणाली. "देवमाणूस."

"देवमाणूस?" धाकटा उसळला. "तुझ्या लग्नाच्या जेवणात त्या देवमाणसाने माझ्या मूळव्याधीची बातमी दोन्हीकडच्या पाहुण्यांना दिली. तुझ्या सासऱ्यांनी मला बसायला स्वतःच्या हाताने उशी आणून दिली. अजून देतात."

नानांना जोरात ठसका लागला. कान गेल्यापासून त्यांना हा खोकलाही जडला होता. सून पाण्याचा पेला घेऊन धावली.

"बघा, खोकलाही वाढलाय," ती म्हणाली. "मी सांगते, ज्या अर्थी डॉक्टर सांगत नाही, त्या अर्थी मोठं काहीतरी आहे. मामुली असतं तर सांगितलं नसतं का? मामुली कोण लपवतं? माझ्या मावशीच्या वेळीही असंच..."

"मेंदू," ताई म्हणाली.

धाकट्याने भुवईवरचं पीठ पुसलं. नानांच्या हातातली सफरचंदाची साल तुटली, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

"उद्या आपण सगळेच जाऊ," ताईने ठरवून टाकलं. "आणि काहीही निघालं तरी आता हे दोघं इथे राहणार नाहीत. दुकान बंद करायचं. नाना थोरल्याकडे, माई माझ्याकडे."

"वेगवेगळे?" धाकट्याने विचारलं.

"माझ्याकडे एकच खोली रिकामी आहे, तीही एका खाटेपुरती, आणि त्याच्याकडे तशीच. खोल्या काय मी बेकरीत भाजून आणू?"

माई चहाची किटली घेऊन दारात उभी होती. "आणि मला कोणी विचारणार आहे का?"

"तुझ्या भल्यासाठीच चाललंय गं."

माईने किटली टेबलावर ठेवली. जरा आदळलीच.

* * *

कानाच्या डॉक्टरणीने जुन्या डॉक्टरांच्या जागेत दवाखाना थाटून अजून वर्षही झालं नव्हतं. तरी एवढ्यात तिला कळून चुकलं होतं, की या गल्लीत लोक स्वतःचं दुखणं कमी सांगतात आणि शेजाऱ्याचं जास्त विचारतात.

नानांची तपासणी तिला विसरणं शक्य नव्हतं. थोरला बाहेर बाकावर बसला होता. आत तिने नानांना हेडफोन लावले आणि पाटीवर लिहून दाखवलं: आवाज आला की बटण दाबा. नानांनी बटणाला हात लावला नाही. मग तिने डोक्याला तारा लावून करायची तपासणी केली. त्यात पेशंटला काही करावंच लागत नाही. आवाज आत पोचला की मशीन आपोआप रेघ काढतं. कागदावर आलेली रेघ पंचविशीतल्या पोराला शोभली असती.

मशीन बिघडलं की काय असं वाटून ती नानांच्या पाठीमागे गेली आणि हळूच म्हणाली, "नाना, तुमच्या कॉलरवर झुरळ आहे."

नाना तारांसकट खुर्चीतून उडाले.

"कुठाय? काढा! काढा आधी!"

"नाहीये," डॉक्टरीण म्हणाली.

नाना सावकाश पुन्हा बसले.

"मी खोटं बोललो नव्हतो हो," ते म्हणाले. "तिघं पोरं माझ्या डोक्याशी उभी राहून भांडत होती. मी ओरडलो, 'मला काही ऐकू येत नाही!' म्हणजे काय, एका वेळी एकाने बोला. पण पोरं गप्पच झाली. एकमेकांकडे बघायला लागली. मुलं जन्मल्यापासून त्या घरात इतकी शांतता मी ऐकली नव्हती. म्हटलं, चला, दोन दिवस राहू दे असंच."

"दोन दिवस?"

"तिसऱ्या दिवशी सांगणारच होतो. पण तिसऱ्या दिवशी ही बोलायला लागली."

"कोण?"

"बायको." नानांचा चेहरा उजळला. "डॉक्टर, आमचं उभ्या जन्मातलं बोलणं म्हणजे मीठ संपलं, छत्री घ्या, दिवा मालवा. आणि आता? दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं. मी डोळ्याला भिंग लावून घड्याळात डोकं घातलेलं, ही काउंटरवर. आणि सुरू होते. काय नकला करते! काय शिव्या देते! मला अरे-तुरे करते! मला हसू आवरत नाही, मग खोकतो. माझं ऐकू येणं तिला कळलं, तर ती पुन्हा मिठावर येईल."

"तुमची गोष्ट माझ्याकडून बाहेर जाणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण माझं मत विचाराल, तर तुम्ही स्वतःच त्यांना सांगावं."

"काय म्हणालात?" नाना उठले. "मला ऐकू येत नाही."

सोमवारी दवाखाना उघडता उघडता माई आली. आधी तिने स्वतःचे कान तपासून घेतले. ते ठणठणीत निघाले. मग पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत बसून राहिली.

"आमच्या ह्यांचे कान बरे होणारेत का?"

"त्यांच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही."

"नका सांगू. होणार नसतील तर उत्तमच. पण होणार असतील, तर मला चार दिवस आधी कळवा."

"का बरं?"

माईने दाराकडे बघितलं. "मी फार बोललेय त्यांना. ऐकू येत नाही म्हणून. गाढव म्हटलंय, घुबड म्हटलंय. ते खोकायला लागले की मला आणखी चेव येतो. आणि... दुसरंही बोललेय."

"दुसरं म्हणजे?"

"ते सांगण्यासारखं नाही. शिव्या परवडल्या." माईचे कान लाल झाले. "एक विचारू? कान बरे झाले, की मागचं ऐकू येतं का? म्हणजे आत कुठे साठून राहिलेलं असतं का?"

डॉक्टरणीने हसू दाबण्यासाठी खिडकी उघडली, पुन्हा लावली. "बंद कान उघडला तर आधीचं काही ऐकू येत नाही."

"सुटले बाई!" माई उठली. "मी आले होते हे त्यांना सांगू नका हं."

"नाही सांगणार. तुम्हीही माझ्या पेशंटच."

माई गेल्यावर डॉक्टरीण पाणी प्यायली. दोन बाजूंची दोन कुलपं, दोन्हींच्या किल्ल्या तिच्याच खिशात, आणि एकही वापरायची सोय नाही. तेवढ्यात बाहेर सुनेचा आवाज आला, पाठोपाठ ताईचा, आणि दार न वाजवताच उघडलं.

* * *

तपासणीच्या खोलीत खुर्च्या दोनच होत्या. एकीवर ताई बसली, दुसरीवर थोरला. सून उभी राहून बोलत होती. धाकटा वजनकाट्यावर उभा होता, कारण उरलेली जागा तेवढीच होती. वडिलांची काळजी आणि स्वतःचं वजन यांतल्या कुठल्या गोष्टीने जास्त घाबरावं, हे त्याला कळत नव्हतं.

"हे बघा," ताई म्हणाली, "आम्हाला फक्त एवढंच सांगा, किती दिवस आहेत?"

"कशाला?"

"म्हणजे दिवससुद्धा नाहीत!" सुनेने तोंडावर हात ठेवला.

"असं मी काहीच म्हटलेलं नाही," डॉक्टरीण घाईने म्हणाली. "तुमचे वडील सज्ञान आहेत, शहाणे आहेत. त्यांच्या तब्येतीचं कोणाला सांगायचं ते त्यांनी ठरवायचं. त्यांनी हो म्हटलं, तर मी तुमच्यासमोर तासभर बोलेन."

"पण त्यांना विचारायचं कसं? त्यांना ऐकू येत नाही!"

"लिहून विचारा."

"विचारलं," धाकटा काट्यावरून म्हणाला. "त्यांनी खाली लिहिलं, 'आज पाव छान झाला होता.'"

आता थोरला पुढे सरकला. तो विमा कंपनीत दावे तपासायचा. समोरच्याला कोंडीत कसं पकडायचं हे त्याला पाठ होतं. "डॉक्टर, आमचं घर निराळं आहे. आम्ही एकमेकांपासून काहीही लपवत नाही. तेव्हा सख्ख्या माणसांना सांगायला हरकत काय?"

डॉक्टरणीने त्याच्याकडे शांतपणे बघितलं. गेल्याच महिन्यात तिने याच माणसाच्या उजव्या कानातून चिमट्याने कापसाचा बोळा काढला होता. बायको बोलायला लागली की तो घालायचा. एक खोल जाऊन अडकला. "घरी कळू देऊ नका," म्हणून त्याने हात जोडले होते.

तिला आत्ता काही आठवण करून द्यायची नव्हती. ती नेहमीचंच वाक्य म्हणाली. "कोणीही येऊन कोणाबद्दलही विचारलं, तरी माझं उत्तर हेच असतं. उद्या तुमच्या घरच्यांनी येऊन तुमच्याबद्दल विचारलं, तरी हेच."

थोरल्याचा हात आपोआप उजव्या कानाकडे गेला.

"काय?" सून त्याच्याकडे वळली. "तुम्ही स्वतःसाठी कधी आला होतात इकडे?"

"मी? छे! मी कशाला येतो?" थोरला ताडकन उठला. "ताई, चल. डॉक्टरांचं अगदी बरोबर आहे."

"अरे, आत्ता तर तू म्हणत होतास..."

"विचार केला मी. माणसाला काही खासगी असतं की नाही? नियम म्हणजे नियम. डॉक्टर, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत. चला, चला सगळे."

"अहो, पण मी विचारतेय काय? कानात बोळे घातलेत का?"

थोरला पांढराफटक पडला. डॉक्टरीण टेबलाच्या खणात काहीतरी शोधायला एवढी खाली वाकली, की बराच वेळ वर आलीच नाही.

* * *

पुढच्या रविवारी सगळे पुन्हा जमले. नाना टेबलाच्या टोकाशी बसून चहा पीत होते. आठवडाभर त्यांनी स्वतःच्या मरणाच्या इतक्या तऱ्हा ऐकल्या होत्या, की एक-दोनदा त्यांनी खोलीत जाऊन आपली नाडी तपासली होती. सुनेच्या हिशेबाने ते महिनाअखेर पोचणार नव्हते. धाकटा रोज गरम पाव आणून त्यांच्या हातात देई आणि डोळे पुसत जिना उतरे. त्याचं नानांना फार वाईट वाटे. पण पाव खरंच छान असे.

मात्र 'वेगवेगळे' हा शब्द त्यांच्या घशात अडकून बसला होता. तो पावाबरोबरही खाली जात नव्हता.

"बुधवारी सामान हलवायचं," ताई म्हणाली. "माईची खोली मी तयार केलीय. पडदे लावले, दारामागे वेळापत्रक लावलं. सकाळी फिरणं, मग नाश्ता, मग विश्रांती..."

"बुधवारी घाई होतेय," थोरला म्हणाला. दवाखान्यातून आल्यापासून तो फार उदार झाला होता. "त्यांचं त्यांना ठरवू दे की."

"तू मध्ये बोलू नकोस. तू त्या डॉक्टरणीला फितूर झालायस."

माई नानांच्या मागे उभी राहून बशा पुसत होती. फडक्याआडून, नेहमीच्या दबक्या आवाजात ती पुटपुटली, "ऐकलंस का रे घुबडा? मला बोर्डिंगात घालतायत. तिथे जावईबापूंना शिंक आली तर आधी हात वर करावा लागतो. गेल्या खेपेला बिचाऱ्याला परवानगी मिळेपर्यंत शिंक परत गेली."

नानांनी खोकायचा प्रयत्न केला. खोकला आला नाही. चहा नाकातून आला, आणि त्यामागून हसू. इतक्या वर्षांचं दाबलेलं, खदखदणारं, टेबल हलवणारं हसू. हात वर करायला निघालेला जावई त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. पेला लवंडला. धाकटा पाठीवर थापट्या मारायला धावला, पण नाना त्याचाच हात धरून हसत राहिले.

"नाना," ताईने विचारलं, "कशाला हसताय?"

नानांनी डोळे पुसले. अजून वेळ गेली नव्हती. काहीतरी आठवलं, असं खुणेने सांगता आलं असतं. पण मागे फडक्याची हालचाल थांबली होती.

माई समोर आली. फडकं तोंडावर धरून, ओठ अजिबात दिसू न देता, तिने अगदी हळू विचारलं, "येतं ऐकू?"

नानांनी तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. "येतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

माईने फडकं नीट घडी करून टेबलावर ठेवलं, स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं.

मग इकडे जो गोंधळ उडाला तो आधी आवाजाचा नव्हता. प्रत्येक जण गप्प राहून, या माणसासमोर आपण काय काय बोललो, ते आठवत होता. सुनेला आठवायला बरंच होतं, म्हणून ती खुर्चीत बसली.

"नाना," धाकटा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी तुमच्याजवळ बसून रडलोय. मला बेकरी जमत नाही म्हणून."

"जमते," नाना म्हणाले. "मिठाचा हात तेवढा आखड. केव्हाचं सांगायचं होतं."

"म्हणजे त्या बाईला सगळं ठाऊक होतं!" ताईला आता कंठ फुटला. "आम्ही इथे मरणाच्या तयारीला लागलो, आणि ती ढिम्म!"

"ठाऊक होतं म्हणूनच तर सांगितलं नाही," थोरला म्हणाला. "याला म्हणतात डॉक्टर."

"तुम्हाला तिचा एवढा पुळका कशाला?" सूनही पूर्ववत झाली.

"मला काही ऐकू येत नाही!" नाना ओरडले. सगळे दचकून गप्प झाले. "म्हणजे, एका वेळी एकाने बोला. आणि आधी मी. दुकान बंद होणार नाही. आम्ही कुठेही जाणार नाही, वेगवेगळे तर मुळीच नाही. ताई, ते वेळापत्रक जावईबापूंना दे."

* * *

मुलं गेली, दुकान राहिलं, आणि माई मिठावर आली.

"मीठ संपलंय," सकाळी. "छत्री घ्या," बाहेर पडताना. दुपारी काउंटरवर ती हिशेबाने तोलल्यासारखी गप्प बसे. दुकानभर घड्याळं टिकटिकत. एवढी चालू घड्याळं आपल्याकडे आहेत, हे नानांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. अहो-जाहो तर इतकं वाढलं होतं, की आपल्याच दुकानात नानांना पाहुण्यासारखं अवघडायला होई.

शेवटी ते दवाखान्यात गेले.

"ती तुमच्याकडे आली होती का?" त्यांनी विचारलं. "कधीतरी? काही बोलली का माझ्याबद्दल?"

"ते मला सांगता येणार नाही."

"अहो, मी तिचा नवरा आहे! सख्खा!"

डॉक्टरणीने नुसत्या भुवया उंचावल्या. नानांनी टोपी उचलली.

"तिलाच विचारा," दारापर्यंत पोचलेल्या नानांना डॉक्टरीण म्हणाली. "आणि विचारायच्या आधी स्वतः थोडं बोला. इतकी वर्षं त्याच बोलल्यात."

त्या दुपारी नानांनी भिंग काढून ठेवलं. हातातल्या घड्याळाची स्प्रिंग निसटून कुठेतरी उडाली, पण त्यांनी शोधली नाही.

"एक उत्तर द्यायचं राहिलंय," ते म्हणाले.

माई काउंटरची काच पुसत होती. "कशाचं?"

"मागच्या थंडीत तू बोललीस त्याचं. मी त्या मोठ्या लंबकाच्या घड्याळाशी झटत होतो तेव्हा."

माईचा हात थांबला. कानाच्या पाळ्या हळूहळू लाल व्हायला लागल्या. "मला नाही आठवत."

"तू म्हणालीस, 'पुन्हा जन्म मिळाला आणि चांगले चांगले रांगेत उभे केले, तरी याच गाढवाला शोधून काढीन.'"

"इतकं नेमकं लक्षात ठेवायला नको होतं तुम्ही."

"तर त्याचं उत्तर असं, की..." शिव्यांआडून ऐकताना जे गोड वाटे ते स्वतःच्या तोंडाने बोलायचं म्हणजे भलतंच कठीण होतं. नाना खालच्या मानेने काहीतरी पुटपुटले.

"काय? ऐकू नाही आलं."

"म्हटलं, गाढवही रांगेतच उभं असेल."

"नीट बोल की रे! इतकी वर्षं फुकट ऐकलंस, आता तोंडातल्या तोंडात? मोठ्याने बोल!"

नाना उठून उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "गाढव तुझीच वाट बघत रांगेत उभं असेल!"

दारात बंद पडलेलं गजराचं घड्याळ घेऊन एक गृहस्थ उभे होते. ते दोन पावलं मागे सरले.

"मी नंतर येऊ का?" त्यांनी विचारलं.

"नको, नको, या ना," माई पदराने डोळे टिपत म्हणाली. "ते माझ्याशी बोलतायत."